फोन म्हणायलाय, एकरी ७५ किलो!

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. सीझनमध्ये पेरणी यंत्रांच्या एका कारखान्याचा मदत क्रमांक कधीकधी माझ्याकडं वळवलेला असतो, कारण त्यांच्या यंत्रांची माहितीपुस्तिका मीच लिहितो. बीड जिल्ह्यातल्या केजकडच्या एका मामांचा फोन आला.

"सर, तुमच्या पुस्तकात सोयाबीनला एकरी तीस किलो वाचल्यासारखं आठवतंय. पुस्तक काही सापडंना. पोरानं मोबाइलला इचारलं, तर त्यो पंच्याहत्तर म्हणायलाय. यंत्र नवीन हाय म्हणून बी जास्ती लागतंय का काय?"

मामा हसत होते. तीस-पस्तीस वर्षं पेरणी केलेल्या माणसाला एकरी ७५ किलोचा सल्ला म्हणजे करमणूकच. पण पोरानं एकट्यानं पेरणी काढली असती तर? अडीचपट बी पडलं असतं, रोपांची दाटी झाली असती, झाडं नुसती उंच वाढली असती आणि शेंगांच्या नावानं बोंब.

माझा पहिला राग मोबाइलमधल्या एआयवर निघाला. मग साइटवरच्या पुस्तिकेतलं आमचंच पान उघडलं. वर एक ओळ होती : ‘खालील सर्व प्रमाण प्रति हेक्टर आहे.’ त्याखाली दोन परिच्छेद, एक चित्र, मग तक्ता. तक्त्यात ‘सोयाबीन’ आणि पुढं नुसतं ‘७५’. आकडा बरोबर होता. नेहमीच्या पेरणीला सोयाबीनचं बी हेक्टरी ७५ किलो सांगतात, म्हणजे एकरी ३०. एआयनं तक्ता वाचला, वरची ओळ त्याच्या हाती लागली नाही, आणि प्रश्न एकराचा होता म्हणून उत्तरही एकराचंच दिलं. पान माझं होतं. चूक माझी होती.

असे फोन आता वाढणार आहेत. राज्य सरकारनं २०२५ मध्ये शेतकऱ्यांसाठी महाविस्तार हे एआयवर चालणारं ॲप आणलं, त्याच वर्षी शेतीतल्या एआयचं धोरणही मंजूर केलं. आणि सरकारी ॲप नसलं तरी प्रत्येकाच्या खिशातला फोन आता बोलून विचारलेल्या प्रश्नाचं बोलून उत्तर देतो. पुस्तिका उघडून पान शोधणारा माणूस कमी होत चाललाय. पुस्तिका आता यंत्र वाचतं आणि माणसाला सांगतं. म्हणून यंत्र कसं वाचतं हे पुस्तिका लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं. मग ती पेरणी यंत्राची असो, पतसंस्थेच्या ॲपची असो नाहीतर कॉलेजच्या प्रवेशाची.

यंत्र वाचतं म्हणजे नेमकं काय करतं?

गूगलसारखं शोधयंत्र तुम्ही प्रश्न विचारल्यावर जगभर पळत सुटत नाही. त्याचं काम आधीच झालेलं असतं. त्याचे ‘बॉट’, म्हणजे माणसाऐवजी साइट उघडणारे प्रोग्रॅम, एका पानावरून दुसऱ्या पानावर दुवे धरून फिरतात, मजकूर गोळा करतात आणि त्याची सूची बनवतात. पुस्तकाच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर हे दिलेलं असतं, तशीच ही सूची, फक्त अफाट. तुम्ही विचारता तेव्हा सूची चाळली जाते.

एआयचं थोडं वेगळं आहे. त्याच्याकडं दोन शिदोऱ्या असतात. एक, पूर्वी प्रचंड मजकुरावर शिकताना जे मुरलं ते. हे पाठांतरासारखं असतं : ढोबळ बरोबर, बारीक आकड्यांत कच्चं. दुसरी, प्रश्न आल्यावर त्या घडीला शोधून आणलेला मजकूर. यंत्राचा मॉडेल क्रमांक, बी सोडणाऱ्या चकतीचा नंबर, तेल कधी बदलायचं असल्या प्रश्नांना दुसरीच शिदोरी कामाची.

गंमत अशी की ही दुसरी शिदोरी पुष्कळदा अख्ख्या पानाची नसते. पान तुकड्यांत कापलं जातं. कधी शीर्षकांवरून, कधी ठरावीक लांबीवरून. प्रश्नाच्या अर्थाशी जवळचे दोन-चार तुकडे उचलले जातात आणि तेवढ्यावर उत्तर रचलं जातं. आमच्या पानाचं हेच झालं असणार. ‘प्रति हेक्टर’ एका तुकड्यात राहिलं, ‘७५’ दुसऱ्यात गेलं. मामांच्या पोराला दुसरा तुकडा मिळाला.

प्रत्येक तुकडा सातबाऱ्यासारखा हवा

सातबारा हातात घेऊन बघा. गाव, तालुका, गट क्रमांक, खातेदार, क्षेत्र, पिकं, बोजा, सगळं त्या एका उताऱ्यावर असतं. शेजारच्या गटाचा उतारा वेगळा काढला तर त्यावरही गाव-तालुका पुन्हा छापलेलं असतं. ‘गाव व तालुका वरीलप्रमाणे’ असं लिहिलेला उतारा घेऊन बँकेत गेलात, तर साहेब तो बघणारसुद्धा नाही.

आपल्या पुस्तिका मात्र ‘वरीलप्रमाणे’नं भरलेल्या असतात. ‘तसेच’, ‘तेच’, ‘मागील भागात सांगितल्यानुसार’, ‘सदर’. हा सदर शब्द तर सरकारी कागदांतून आपल्या अंगात इतका भिनलाय की काही विचारू नका. सलग वाचणाऱ्याला तो चालतो. तुकडा हाती आलेल्याला ‘सदर यंत्र’ म्हणजे कुठलं यंत्र, हे कळायला मार्गच नसतो.

आमच्या जुन्या पानावरचं एक वाक्य जसंच्या तसं देतो : ‘वरील तक्त्याप्रमाणे ती बदलून घ्यावी, अन्यथा नुकसान होऊ शकते.’ काय बदलून घ्यावी? कशाचं नुकसान? यंत्राचं, बियाचं की माणसाच्या बोटाचं? आता तिथं असं आहे : ‘सोयाबीन पेरण्याआधी बियाच्या पेटीत सोयाबीनची चकती बसवा. ज्वारीच्या चकतीच्या खाचेत सोयाबीनचा दाणा मावत नाही; तो घासला जाऊन फुटतो आणि उगवण कमी होते.’ वाक्य लांबलं खरं. पण हे वाक्य कुठूनही उचला, कुठंही ठेवा, ते खरंच राहतं.

तक्त्याचंही तेच केलं. आधी रकान्याच्या डोक्यावर ‘प्रमाण’ असा एकच शब्द होता. आता ‘बी, किलो प्रति एकर’ आणि ‘बी, किलो प्रति हेक्टर’ असे दोन रकाने आहेत. शिवाय तक्त्याखाली साध्या वाक्यात : ‘सोयाबीन : एकरी ३० किलो, म्हणजे हेक्टरी ७५ किलो.’ आपल्याकडं एकर, गुंठा, हेक्टर, आर ही सगळी मापं एकाच घरात नांदतात. आजोबा एकरात बोलतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये, प्लॉटिंगवाला गुंठ्यात. तिथं एककाशिवाय आकडा लिहिणं म्हणजे लग्नपत्रिकेवर तारीख छापून महिना विसरण्यासारखं आहे.

मग शीर्षकं. ‘टीप’, ‘महत्त्वाची माहिती’, ‘इतर’ ही शीर्षकं माणसालाही काही सांगत नाहीत आणि यंत्रालाही नाही. ‘बी एका नळ्यातून पडत नसेल तर काय पाहावं’ हे शीर्षक दोघांनाही सांगतं. शेतकरी शब्द न् शब्द असाच प्रश्न विचारणार आहे. आणखी एक : शीर्षक हे खरोखर शीर्षक म्हणून टाका. लिहायच्या प्रत्येक सोयीत शीर्षक एक, शीर्षक दोन असे पर्याय असतात. ते सोडून आपण साधा मजकूर ठळक आणि मोठा करतो. दिसायला सारखंच. पण यंत्राला अक्षराची जाडी दिसत नाही, त्यामागची खूण दिसते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते लोक फोनकडून पान वाचून घेतात, त्यांनाही याच खुणांवरून या शीर्षकावरून त्या शीर्षकावर उडी मारता येते.

‘अशानं लेखन रटाळ होणार नाही का, तेच तेच पुन्हा?’ असं कारखान्याच्या मालकांनी मला विचारलं. होईल थोडं. पण पुस्तिका कोणी कादंबरीसारखी रात्रभर जागून वाचत नाही. नळा तुंबला की माणूस तेवढंच पान उघडतो, ट्रॅक्टर चालू ठेवून, चिखलाच्या हातानं.

कागद आहे, पण वाचता येत नाही

मराठवाड्याला हे दुखणं नवीन नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि मोडीत निघाले. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आरक्षणाच्या वादात मी इथं पडत नाही. सांगायचं एवढंच, की कागद कपाटात होता, अक्षर शाबूत होतं, फक्त वाचणारा नव्हता, म्हणून तो असून नसल्यासारखा झाला.

आपल्या साइटींवरचा बराचसा मराठी मजकूर आज याच अवस्थेत आहे, आणि तो तर गेल्या वीस वर्षांतला आहे.

याचं पहिलं कारण जुने फाँट. डीटीपीवाल्यांकडं वर्षानुवर्षं कृतिदेवसारख्या फाँटमध्ये मजकूर टाइप होत आला. या फाँटची युक्ती अशी, की फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असं दिसतं, तेव्हा आत ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. माणूस मुखवटा बघतो, यंत्र पोट बघतं. ‘मराठी’ शोधणाऱ्याला हे पान जन्मात सापडणार नाही. यावर उपाय जुनाच आहे : युनिकोड, म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तेव्हापासून तिच्यात आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं फुकट मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं तेवढी डोळ्यांखालून घाला.

दुसरं कारण पीडीएफ. कागदावर छापल्यासारखं पान कुठंही तसंच दिसावं म्हणून १९९३ मध्ये ही पद्धत आली आणि त्या कामात ती पक्की आहे. पण तिला परिच्छेद, तक्ता, रकाना यांचं फारसं देणंघेणं नसतं. कुठलं अक्षर पानावर कुठं बसवायचं, एवढंच तिला मुळात ठाऊक. मराठीत आणखी एक फजिती होते. ऱ्हस्व वेलांटी आपण बोलतो व्यंजनानंतर, पण ती दिसते व्यंजनाच्या डावीकडं. पीडीएफमधून मजकूर उचलताना ती पुष्कळदा दिसते त्या क्रमानं बाहेर पडते. ‘किती’चं ‘िकती’ होतं.

विश्वास बसत नसेल तर आत्ता करून बघा. तुमच्या संस्थेच्या एखाद्या मराठी पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. जे दिसेल ते यंत्राला दिसतं. आमच्याकडं हा प्रयोग केला तेव्हा मालक दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. त्या पीडीएफच्या छपाईला त्यांनी चांगले पैसे मोजले होते.

पीडीएफ ठेवू नका असं मी म्हणत नाही. प्रिंट काढून पेटीत ठेवायला ती हवीच. पण तोच मजकूर साइटवर साध्या पानातही द्या. स्कॅन केलेली झेरॉक्स तर त्याहून वाईट. चित्रातली अक्षरं ओळखणारी यंत्रणा असते, पण पुसट कागदावर ती ‘१’ला ‘९’ समजली की संपलं.

तिसरी गोष्ट फारच बारीक आहे, पण मराठीची खास आहे म्हणून सांगतोच. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन-तीन प्रकारांनी टाइप करता येतो. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ हे दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसतात, पण आतले क्रमांक वेगळे आहेत. त्यात कोणी ‘शेतकर्यांना’ असंही लिहून जातो. मोठी शोधयंत्रं यातून वाट काढतात, पण साइटवरची आपली छोटी शोधपेटी पुष्कळदा अडकते : एका प्रकारानं लिहिलेलं दुसऱ्या प्रकारानं शोधलं तर ‘काहीही सापडले नाही’. एकच प्रकार ठरवा आणि सगळ्या पानांवर तोच ठेवा. आम्ही ‘ऱ्य’ ठरवला आणि एका संध्याकाळी शोधून सगळे बदलले.

‘गूगल सगळं वाचतंच की!’

हा आक्षेप साइट बनवणाऱ्या पोरांकडून येतो, आणि तो अर्धा खरा आहे.

लग्नात पाहुण्याला दोन प्रकारे जेवू घालता येतं. वाढलेलं ताट समोर ठेवायचं, नाहीतर शिधा द्यायचा : पीठ, डाळ, तेल, मीठ आणि वर कृती. जुन्या पद्धतीची साइट वाढलेलं ताट पाठवते. आजकालच्या बऱ्याच साइटी शिधा पाठवतात. पानात मजकूर नसतोच, जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेतली कृती असते, आणि तुमच्या फोनमधला ब्राउझर तिथल्या तिथं स्वयंपाक करून पान वाढतो. माणसाला फरक कळत नाही.

गूगलचा बॉट स्वतःची चूल घेऊन फिरतो. तो शिधा शिजवतो, फक्त कधीकधी रांग लावून, जरा उशिरा. पण एआय कंपन्यांच्या बऱ्याच बॉटांकडं चूल नसते. ते पाकीट उघडतात, आत पीठ-मीठ दिसतं, आणि पुढं जातात. तुमची दोनशे पानांची सुबक पुस्तिका त्यांच्या लेखी कोरी.

तपासणं सोपं आहे. संगणकावर पान उघडा, कंट्रोल दाबून यू दाबा. पानाचा कच्चा मजकूर उघडतो. त्यात तुमच्या पानावरचं एखादं वाक्य शोधा. सापडलं तर ताट, नाही सापडलं तर शिधा. शिधा निघाला तर साइट बनवणाऱ्याला एवढंच सांगा, की मजकूर सर्व्हरवरूनच तयार होऊन यायला हवा. त्याला कळतं. पुस्तिकेच्या साइटी बनवणारी बहुतेक साधनं आज हे करतातच, फक्त चालू करावं लागतं.

याच भागात उरलेलं उरकून घेतो. चित्राखाली त्या चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा. व्हिडिओ टाकलात तर त्यातलं बोलणंही खाली लिहून काढा. पानाच्या कच्च्या मजकुराच्या पहिल्या ओळींत भाषा सांगायची जागा असते. तयार साच्यातून घेतलेल्या मराठी साइटवर तिथं सर्रास ‘इंग्रजी’ राहून गेलेलं असतं, आणि मग ब्राउझर मराठी पानाला ‘भाषांतर करू का?’ विचारत बसतो. आणि पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शंभर वेळा ‘सोयाबीन’ लिहून गूगलला फसवायचा जुना खेळ कोणी सुचवलाच, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पकडली गेली की साइट खाली ढकलली जाते.

दारावरची पाटी

सोसायटीच्या गेटवर ‘फेरीवाल्यांना मनाई’ अशी पाटी असते. साइटच्या दारावरही अशी पाटी लावता येते : रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची छोटी फाइल. कुठल्या बॉटनं आत यावं, कुठल्या खोलीत जाऊ नये, हे तिच्यात लिहितात. मार्टिन कोस्टर या संगणक अभियंत्यानं १९९४ मध्ये ही कल्पना मांडली. ती पाळली जात राहिली सगळ्यांच्या चांगुलपणावर, आणि अधिकृत मानक म्हणून ती लिहिली गेली थेट २०२२ मध्ये.

पाटी म्हणजे कुलूप नव्हे. सभ्य बॉट ती वाचून परत फिरतो, चोर फिरत नाही. शिवाय ती पाटी जगाला दिसते, त्यामुळं ‘ग्राहकांची यादी ठेवलेल्या खोलीत जाऊ नका’ असं तिच्यात लिहिणं म्हणजे किल्ली कुठं आहे ते सांगण्यासारखं. खासगी गोष्टीला पासवर्डच हवा.

माझ्या माहितीतल्या एका दुकानाची साइट सहा महिने गूगलवर दिसतच नव्हती. साइट तयार होत असताना कोणी बघू नये म्हणून पोरानं पाटीवर ‘सगळ्यांना बंदी’ लिहिलं आणि उद्घाटनाच्या गडबडीत ती ओळ काढायची राहून गेली. नारळ फुटला, पेढे वाटले, पाटी तशीच.

पाटीच्या जोडीला साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी. गूगलनं २००५ मध्ये ही पद्धत सुरू केली. एका यादीत ५०,००० पत्ते मावतात. आपल्याला त्याच्या शंभराव्या भागाचीही गरज पडत नाही. ती आपोआप बनते, फक्त बनतेय का ते बघा.

मग एआयसाठी वेगळी फाइल करायची का?

सध्या बाजारात हाच प्रश्न जास्त विकला जातोय. सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड या एआय संशोधकानं एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाच्या फाइलचा प्रस्ताव मांडला. कल्पना साधी आहे : साइटच्या दाराशी एक साधी मजकुराची फाइल ठेवायची, तिच्यात ही साइट कशाची आहे ते चार ओळींत आणि महत्त्वाच्या पानांचे दुवे. एआयला मेनू, जाहिराती, रंगीत चौकटी यांतून वाट काढावी लागू नये म्हणून.

ती ठेवून तोटा काही नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमिंगच्या माहितीसाइटींनी ती बऱ्याच प्रमाणात उचलली, कारण तिथले प्रोग्रॅमर एआयला हाताशी धरूनच काम करतात. पण ती अजून प्रस्तावच आहे, आणि गूगलनं तर स्पष्ट सांगितलंय, की त्यांच्या शोधातल्या एआय उत्तरांसाठी अशी वेगळी फाइल लागत नाही. तेव्हा कोणी ‘ही फाइल बनवून देतो, पंधरा हजार द्या, एआय तुमचंच नाव घेईल’ म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा. आमच्या साइटवर ती फाइल आहे. बनवायला चाळीस मिनिटं लागली. आमच्या तक्त्यातलं एकक मात्र तिनं दुरुस्त केलं नसतं.

‘आम्ही राबून लिहायचं आणि एआयनं फुकट न्यायचं?’

या प्रश्नाला मी हसण्यावारी नेत नाही. वर्तमानपत्राचा, कवीचा, पाककृती लिहिणारीचा तो खरा प्रश्न आहे. त्यांचं पान हाच त्यांचा माल. वाचकाला उत्तर बाहेरच मिळालं, तर तो दारात येणारच नाही.

पण पेरणी यंत्र विकणाऱ्याचा माल यंत्र आहे, पान नव्हे. त्याच्या पुस्तिकेतली माहिती जितकी दूर जाईल आणि जितकी बरोबर जाईल, तितके त्याचे मदत क्रमांकावरचे फोन कमी. माहिती दिली नाही म्हणून एआय गप्प बसणार नाही. तो दुसऱ्या कंपनीच्या यंत्राची माहिती उचलून सांगेल, किंवा पाठांतरातलं काहीतरी ठोकून देईल.

शिवाय पाटीवर निवड करता येते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचा जीपीटीबॉट मजकूर शिकण्यासाठी नेतो, शोधासाठी त्यांचा वेगळा बॉट आहे, आणि माणसानं विचारल्यावर पान उघडणारा आणखी वेगळा. शिकणाऱ्याला बंदी घालून शोधणाऱ्याला आत घेता येतं. गूगलच्या बाबतीतही एआय शिकवण्यापुरती वेगळी मनाई २०२३ पासून करता येते. गूगलच्या शोधात वर दिसणारी एआय उत्तरं मात्र नेहमीच्याच बॉटनं आणलेल्या मजकुरावर बनतात. त्याला हाकलाल तर शोधातूनही जाल. तिथं निवड तोकडी आहे, आणि ती तशी ठेवण्यात गूगलचा फायदा आहे, असं माझं मत.

‘मराठीत कशाला? इंग्रजीत लिहा, एआय भाषांतर करतोच’

करतो. आणि ‘मीटरिंग प्लेट’चं ‘मापन तबकडी’ करतो. केजच्या रानात मापन तबकडी कोणी मागितली, तर दुकानदार त्याला भांड्यांच्या दुकानात पाठवेल. तिथं तिला चकती म्हणतात, नाहीतर सरळ प्लेट. बी टाकायच्या भागाला तिफणीच्या सवयीनं अजून ‘चाडं’ म्हणणारे आहेत. कापूस पेरला तरी माणूस ‘सरकी लावली’ म्हणतो. भाषांतर करणाऱ्या यंत्राला हे शब्द कुठून मिळणार? आपण लिहिले तरच.

म्हणून पुस्तिका लिहायच्या आधी आठवडाभर मदत क्रमांकावरचे फोन ऐकतो आणि लोकांचे शब्द वहीत उतरवतो. शीर्षकात चकती, पहिल्या वाक्यात एकदा ‘चकती, म्हणजे बियाची प्लेट’, मग पुढं सगळीकडं चकतीच. एकाच वस्तूला दर परिच्छेदात नवं नाव द्यायची हौस निबंधाच्या वहीत ठीक. पुस्तिकेत त्यामुळं एकाच्या तीन वस्तू होतात.

मराठीची एक अडचण मात्र कबूल करायला हवी. एआय मजकूर ‘टोकन’ नावाच्या बारीक तुकड्यांत मोजतो, आणि तोच मजकूर मराठीत लिहिला तर इंग्रजीपेक्षा साधारणतः जास्त टोकन खातो. एका वेळी त्याच्यापुढं ठेवता येणारा मजकूर मर्यादित असतो. म्हणजे ‘आमच्या अत्याधुनिक, दर्जेदार आणि सर्वांच्या विश्वासास पात्र ठरलेल्या’ ही माळ मराठीत जास्त महाग पडते. ती मी काढून टाकली. मालकांना थोडं वाईट वाटलं.

जुनी पानं मरत नाहीत

नवं पान चढवलं, तक्ता दुरुस्त केला. आठ-दहा दिवसांनी पोराच्याच प्रश्नाच्या शब्दांत मी फोनला विचारून बघितलं : एकरी ३०. पुन्हा दोन दिवसांनी दुसऱ्या फोनवर विचारलं : एकरी ७५.

आता चूक आमच्या पानात नव्हती. शोधत गेलो, तर आमची पाच वर्षांपूर्वीची पीडीएफ परळीकडच्या एका विक्रेत्याच्या साइटवर निघाली. त्यानं सोयीसाठी उतरवून स्वतःकडं ठेवली होती. तिच्यावर तारीख नाही, मॉडेलचा क्रमांक नाही, आवृत्ती नाही. यंत्राच्या दृष्टीनं दोन्ही कागद सारखेच खरे.

आमच्याकडून जे करता येतं ते केलं. प्रत्येक पानावर ‘या तारखेला तपासलं’ आणि कुठल्या मॉडेलसाठी ते वरच लिहिलं. जुन्या पानांचे पत्ते नुसते पुसून टाकले नाहीत, तर त्यांवर कायमची वळणसोय लावली, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आणि बॉट दोघंही आपोआप नव्या पानावर जातात. घर बदलल्यावर पोस्टात अर्ज देतो ना, तसं. नव्या पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या तळाशी वर्ष आणि साइटचा पत्ता छापला. ती उद्या कुणाच्याही साइटवर गेली, तरी कधीची आहे ते तिच्यावरच लिहिलेलं राहील.

विक्रेत्याला फोन केला. माणूस चांगला आहे. दुकानात पेरणीची गर्दी होती, मागं हमालांचा आवाज येत होता.

"काढतो की सर. पोरगं साइट बघतंय आमची, ते गावाकडं गेलंय पेरायला. तेवढा सीझन होऊ द्या."

ती पीडीएफ अजून तिथंच आहे. दर सोमवारी मी उघडून बघतो.